पत्र उघडण्याआधीची ओळ

देवळी हे वर्धा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. वर्ध्याहून यवतमाळकडे निघाले की अकरा मैलांवर लागते. १९०१च्या शिरगणतीत गावाची वस्ती पाच हजारांच्या घरात होती, आणि कापसाच्या बाजारामुळे त्याचे नाव पंचक्रोशीच्या बरेच बाहेर गेले होते. कापूस इथल्या काळ्या जमिनीत पिकायचा, त्याचा खरेदीदार मुंबईत असायचा आणि त्या खरेदीदाराचे गिऱ्हाईक लिव्हरपूलला. तिघांनी एकमेकांची तोंडे पाहिलेली नसत. जे काही बोलणे व्हायचे ते कागदावर. अनोळखी माणसाचा कागद समोरच्याने बाजूला न टाकता आधी वाचायला घ्यावा, यासाठी त्याच्या माथ्यावर काय लिहावे? आज ईमेलच्या ‘विषय’ या रकान्यासमोर बसलेल्या माणसाला हा प्रश्न नवा वाटतो. पण वर्धा नदीच्या खोऱ्यात तो कापसाच्या गाडीइतकाच जुना आहे.

मराठी पत्राची जुनी ठेवण या बाबतीत अगदी उलट्या टोकाची होती. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप (दफ्तरप्रमुख) हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्या नावावर चालत आलेल्या ‘मेस्तक’ या छोट्या ग्रंथात कोणाला कसे पत्र लिहावे याचे नमुने आहेत. त्यांचा सगळा भर मायन्यावर. मायना म्हणजे पत्राचा आरंभ : वर ‘श्री’, मग समोरच्याच्या दर्जाप्रमाणे विशेषणे, मग लिहिणाऱ्याचे नाते आणि नमस्कार. शिवकाळात आणि पेशवाईत हे शास्त्र पूर्णत्वाला गेले. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ अशी सुरुवात, पुढे नाव, ‘गोसावी यांसी’, मग नमस्कार, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’, आणि त्यानंतर एकच शब्द : ‘विशेष’. कामाचे जे काही सांगायचे ते या शब्दानंतर. पत्रे वाचून दाखवणाऱ्या कारकुनाची नजर मोडीच्या सलग, शब्द न तोडलेल्या ओळींतून धावत याच शब्दावर येऊन थांबत असणार.

आजच्या वाचकाला हा फापटपसारा वाटेल. तो तसा नव्हता. त्या काळी पत्र घेऊन येणारा जासूद दिवसचे दिवस चालत यायचा. दरबारात येणाऱ्या पत्रांची संख्या मोजकी असायची आणि प्रत्येक पत्र वाचले जाणार हे गृहीत होते. म्हणून ‘हे वाच’ असे सांगण्याची गरजच नव्हती. ‘तुझे-माझे नाते काय’ हे सांगण्याची मात्र फार गरज होती. मायना एका पायरीने खाली आणला तर तो अपमान ठरे, वर चढवला तर त्यातून राजकारण वाचले जाई. मायना पत्राचा विषय सांगत नव्हता, पाठवणाऱ्याची जागा सांगत होता. विषय सांगण्याचे काम दफ्तरातल्या माणसाकडे असे. पत्र आले की तो कागदावर ‘पैवस्ती’, म्हणजे पोचल्याची तारीख, टाकायचा आणि कागद रुमालात बांधायचा. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेव्हा पत्रांच्या डोक्यावर मजकुराचा गोषवारा इंग्रजीत घातला. मूळ लेखकाने न लिहिलेली विषयाची ओळ दीड-दोनशे वर्षांनी संपादकाने लिहिली, ती त्या दफ्तरात वाट शोधणाऱ्या अभ्यासकासाठी.

देवळीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८५३-५४मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, १८६२मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. सुरुवातीला त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले आणि ठाणे तिथे आले. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. या पंचवीसेक वर्षांत पत्रव्यवहाराचे सगळे अर्थशास्त्र पालटले. १८५४च्या कायद्याने देशभर अंतर न पाहता एकाच दराने, अर्ध्या आण्यात, पत्र जाऊ लागले. १ जुलै १८७९पासून पाव आण्याचे कार्ड निघाले. कार्डावर जागा तळहाताएवढी. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ तिथे मावणार कसे?

ते मावलेच नाही. मायना आक्रसत गेला. ‘राजमान्य राजश्री’चे ‘रा. रा.’ झाले, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चे ‘सा. न. वि. वि.’ झाले. आज साठीच्या पुढे असलेल्या कितीतरी मराठी माणसांनी शाळेत ही अक्षरे गिरवली आहेत. त्यांतला शेवटचा ‘वि.’ म्हणजे पेशवाईतला तोच ‘विशेष’.

कार्ड उघडेच असायचे, पाकीट मात्र बंद. बंद पाकिटाच्या आत काय आहे हे बाहेरून सांगण्याची रीत लोकांनी स्वतःच काढली होती. शुभकार्याच्या पत्राला हळद-कुंकवाची बोटे लागत. कोणी गेल्याची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि असे कार्ड हातात पडले की वाचण्याआधीच घरातल्या बायका रडू लागत. निरक्षर माणसालाही कळणारी ही विषयाची ओळ होती. राजस्थानातल्या सावकारांच्या पत्रांवर ७४॥ हा आकडा घालण्याची चाल कर्नल जेम्स टॉडने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवली आहे : भलत्या माणसाने पत्र फोडले तर चितोडच्या कत्तलीचे पाप त्याच्या माथी. विदर्भाच्या कापूस-व्यवहारात राजस्थानातून आलेल्या पेढ्यांचा वाटा मोठा होता. जमनालाल बजाज ज्या घरी दत्तक आले ते वर्ध्याचे बच्छराज त्यांतलेच. पाकिटावरचा मजकूर दोन कामे करतो हे त्या मुलखातल्या व्यापाऱ्यांना पुरते ठाऊक होते : ज्याने उघडावे त्याला बोलावतो, ज्याने उघडू नये त्याला थांबवतो.

याच काळात तारही आली, आणि तारेने मराठी व्यापाऱ्याला संक्षेप शिकवला.

भारतात तारयंत्र १८५५मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेव्हा दर होता दर चारशे मैलांमागे सोळा शब्दांना एक रुपया. मजुराची कित्येक दिवसांची कमाई त्या सोळा शब्दांत जायची. १८७०मध्ये मुंबईहून सुएझमार्गे समुद्राखालून तार गेली आणि लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या बाजारात काही तासांत येऊ लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात हिंदी कापसाला सोन्याचा भाव आणला होता. ते युद्ध संपताच भाव कोसळून मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या होत्या. बातमी उशिरा कळण्याची किंमत काय असते हे व्यापाऱ्यांनी नुकतेच भोगले होते. त्यामुळे तार महाग असूनही तिला पर्याय नव्हता, आणि महाग असल्यामुळे तिच्यातला प्रत्येक शब्द पारखून घ्यावा लागे. ‘येथील कुशल’ गेले, नमस्कार गेला, ‘विशेष’ही गेले. उरले ते फक्त ‘विशेष’नंतरचे : माल, प्रत, नग, भाव, मुदत.

त्यातूनही शब्द वाचवायचे म्हणून संकेतकोश निघाले. १८७०च्या दशकातला लंडनचा ‘एबीसी कोड’, १९०६चा ‘बेंटले’ हे पेढ्यापेढ्यांत असत. एका बनावट शब्दात अख्खे वाक्य बसवलेले असे. मोठ्या पेढ्या आपला तारेचा पत्ता नोंदवून एका शब्दाचा करून घेत आणि तो पत्राच्या कागदावर छापत. मालाच्या नावाचेही तसेच झाले. वर्धा खोऱ्यातला चांगला कापूस लिव्हरपूलच्या भावपत्रकात ‘हिंगणघाट’ या एका नावाने ओळखला जाई. तो देवळीच्या शिवारातून आला की आर्वीच्या, हे सातासमुद्रापलीकडच्या दलालाला कळत नसे आणि कळायची गरजही नसे. ‘हिंगणघाट’ या शब्दात धाग्याची लांबी, रंग आणि भरवसा हे सगळे येऊन जाई.

भरवसा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण नेमका त्यालाच तडा जात होता. बाहेर एक नाव आणि आत दुसराच माल, हा रोग कापसाच्या धंद्याला फार आधी जडला. युद्धाच्या तेजीत रुईत सरकी, माती, दगड मिसळणे, वजन वाढवायला पाणी मारणे, हलक्या प्रतीचा कापूस भारी प्रतीत घालणे इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८६३मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या तक्रारी त्यामागे होत्या. पुढे १९२५च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने दाबलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. म्हणजे गाठ लिव्हरपूलला उघडली आणि आत दगड निघाला, तर तो कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमधून आला हे शोधता यावे. ईमेलवरची विषयाची ओळ म्हणजे या गाठीवरचा मार्काच आहे. गाठ फोडल्याशिवाय आतले दिसत नाही, म्हणून घेणारा मार्क्यावर विसंबतो. आणि मार्का एकदा खोटा ठरला की त्या प्रेसची पुढची गाठ कोणी हातात धरत नाही.

पत्त्याच्या ओळीने काय घोटाळा होतो याचे याच जिल्ह्यातले उदाहरण सगळ्यांना माहीत असावे असे आहे. महात्मा गांधी १९३६मध्ये वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. त्यांचे टपाल प्रचंड. बुलढाणा जिल्ह्यातले, रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे शेगाव आणि हे सेगाव यांत गल्लत होऊन पत्रे भलतीकडे जाऊ लागली. शेवटी १९४०मध्ये गावाचेच नाव बदलून सेवाग्राम झाले. देवळीच्या बाबतीतही हा धोका आहेच. स्वातंत्र्यलढ्यातली देवळीची छावणी, जिथे १९४१मध्ये जयप्रकाश नारायण स्थानबद्ध होते, ती राजस्थानातली. जिल्ह्याचे नाव न लिहिता नुसते ‘देवळी’ लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी मराठी माणसाला ओळखीच्या झाल्या त्या मात्र सरकारी कागदामुळे. इंग्रजी कचेऱ्यांत टंकयंत्राबरोबर पत्राच्या माथ्यावर विषय लिहिण्याची पद्धत रुळली होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४मध्ये राजभाषा अधिनियम आला, आणि तलाठ्याकडच्या अर्जापासून मंत्रालयातल्या टिपणीपर्यंत ‘विषय :’ मराठीत उतरला. या ओळीने एक मोठे काम केले. अर्ज कोणत्या टेबलावर जायचा हे ती ठरवू लागली. पण तिने एक खोडही लावली : ‘…बाबत’ या शब्दाने संपणारी, कोणतीही क्रिया न सांगणारी ओळ. ‘कापूस खरेदीबाबत’ एवढे वाचून लिहिणाऱ्याला विकायचा आहे, घ्यायचा आहे की तक्रार करायची आहे, यातले काहीच कळत नाही. कचेरीत ते खपते, कारण तिथे अर्ज वाचणे हे कोणाचे तरी कर्तव्य असते. व्यापारात तसे नसते. आजही मराठी उद्योजकांच्या ईमेलांत ही ‘बाबत’ जशीच्या तशी उतरलेली दिसते, आणि ती पत्राचे नुकसान करते.

ईमेलच्या माथ्यावर विषयाची जागा ज्यांनी नेमून दिली त्यांत एक भारतीय नाव आहे, याचा अभिमान वाटावा. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून अमेरिकेत गेलेले अभय भूषण. १९७३च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी केन पोग्रन, रे टॉमलिन्सन आणि जिम व्हाइट यांच्यासह ‘आरएफसी ५६१’ ही टिपणी काढली. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर पाठवणारा, तारीख आणि विषय या तीन ओळी ठरावीक रूपात असाव्यात, असे तीत सुचवले होते. मेस्तकातला मायना, पैवस्तीची तारीख आणि कचेरीतला ‘विषय’ यांची ही नवी, एकत्र बांधलेली आवृत्तीच म्हणायची. मेस्तकाचा किंवा पैवस्तीचा तिच्यावर प्रभाव नव्हता. गरज तीच होती म्हणून रूपही तसेच आले.

पाच वर्षांनी, मे १९७८मध्ये, डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी कंपनीच्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण पाठवले. अनोळखी गिऱ्हाइकांना घाऊक पाठवलेले हे पहिले व्यापारी ईमेल. पत्त्यांची यादी इतकी लांब होती की ती ठरलेल्या जागेत मावली नाही. उरलेले पत्ते मजकुरात सांडले, आणि विषयाच्या जागी एका माणसाचा पत्ताच जाऊन बसला. म्हणजे अनोळखी माणसाला धाडलेल्या पहिल्याच व्यापारी ईमेलची विषयाची ओळ निरर्थक निघाली. नेटवर्क चालवणाऱ्यांनी कंपनीला समज दिली. चूक यंत्रातली असली तरी त्या पत्राने पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ उघडे केले. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पाठवणारा मोजत होता, म्हणून तो जपून लिहायचा. ईमेलमध्ये चारशे काय, चार लाख जणांना पाठवले तरी पाठवणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही. किंमत वाचणाऱ्याच्या वेळातून वसूल होते.

लबाडी मग यायचीच. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचे ईमेल जगभर पसरले. लोकांनी कुतूहलाने सोबत जोडलेली फाइल उघडली आणि लाखो संगणक बाधित झाले. २००३च्या अखेरीस अमेरिकेने ‘कॅन-स्पॅम’ कायदा केला आणि वाचणाऱ्याची दिशाभूल करणारी विषयाची ओळ व्यापारी ईमेलमध्ये बेकायदा ठरवली. मुंबईच्या १८६३च्या कापूस कायद्यापासून या कायद्यापर्यंत १४० वर्षे गेली. गुन्हा तोच होता : बाहेर एक, आत दुसरे.

या एका ओळीत किती ताकद असते, याचा पुरावा २०१२च्या अमेरिकी निवडणुकीने दिला. ओबामांच्या प्रचारयंत्रणेने निधीसाठीच्या एका ईमेलला वेगवेगळ्या विषयाच्या ओळी लावून आधी थोड्या लोकांवर पारखून पाहिल्या. विरोधक आपल्यापेक्षा जास्त खर्च करणार आहे, असे सरळ सांगणाऱ्या ओळीने सव्वीस लाख डॉलरांहून अधिक निधी आणला. सर्वांत कमकुवत ओळीने आला असता जेमतेम चार लाख, असा त्यांचा हिशेब होता. त्याच मोहिमेत नुसते ‘हे’ (Hey) अशी हाक मारणारी ओळही फार चालली, आणि तेव्हापासून जगभरचे विक्रेते अनोळखी लोकांना अशाच सलगीच्या हाका मारू लागले. इथे ते चुकतात. ओबामांचे नाव वाचणाऱ्याच्या ओळखीचे होते आणि तो आधीपासून त्यांच्या बाजूचा होता. जिथे नातेच नाही तिथे सलगीचा मायना लावणे पेशवाईतही उद्धटपणा ठरला असता, आजही ठरतो.

मराठीतून विषय लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण बरीच वर्षे सोसावी लागली. ईमेलची माथ्यावरची ओळ मुळात रोमन लिपीपुरती बेतलेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले तेव्हा देवनागरी विषय धडपणे पोचेल याची खात्री नव्हती. १९९६च्या नियमांनी त्याला आडवाट दिली : देवनागरी अक्षरे रोमन चिन्हांत गुंडाळून, ७५ चिन्हांच्या आत बसणाऱ्या तुकड्यांत पाठवायची. युनिकोडच्या रूपात अशा एका तुकड्यात देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हे मावतात, कानामात्रा धरून. पलीकडच्या संगणकाला ते तुकडे जोडता आले नाहीत, तर मराठी विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसे. देवनागरी थेट पाठवण्याचे नियम २०१२मध्ये आले. म्हणूनच एका पिढीच्या मराठी उद्योजकांना विषय इंग्रजीत आणि मजकूर मराठीत लिहिण्याची सवय लागली. आता ती अडचण राहिलेली नाही. सवय मात्र राहिली आहे. ती सोडायला हवी. मराठी गिऱ्हाइकाला मराठीत लिहिलेला विषय इंग्रजी ओळींच्या गर्दीत आपोआप उठून दिसतो.

तारही आता राहिलेली नाही. जुलै २०१३मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली. देवळीला मात्र त्यानंतर रेल्वे आली : वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि कापसाच्या या जुन्या बाजारात पहिल्यांदा गाडीची शिटी वाजली. गावाला औद्योगिक वसाहत आहे, आसपास जिनिंग आहेत. कोइम्बतूरच्या किंवा इचलकरंजीच्या सूतगिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याला इथून लिहायचे झाले, तर ते आता ईमेलनेच. त्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर विषयाची पहिली तीस-चाळीस अक्षरेच दिसतात.

‘व्यवसायसंधीबाबत’ असे लिहून ती वाया घालवू नका. ‘तातडीचे’ असे खोटे लिहू नका, आधी कधी बोलणे झालेले नसताना झाल्यासारखे भासवू नका. ‘२०० गाठी, २९ मिमी, देवळी (वर्धा) : नमुना पाठवू?’ एवढे लिहा. माल, नग, प्रत, गाव आणि समोरच्याने काय करायचे ते, सगळे यात आले. नमस्कार आणि कुशल आत लिहा, मनापासून लिहा. आणि गाठी २०० नसून १८० असतील, तर १८० लिहा.